एकट्यानं जड कयाक काठावर काढताना

मासेमारीची कयाक, म्हणजे एका माणसानं चालवायची लांबट छोटी होडी, पाण्यात असेपर्यंत तिचं वजन कुणाला जाणवत नाही. सकाळी उतरताना उतार आपल्या बाजूनं असतो आणि अंगात ताकदही असते. परतताना तोच उतार चढ झालेला असतो, काठ भिजलेला असतो, चार-पाच तास वल्हवून खांदे भरून आलेले असतात आणि आसपास हाक मारायला कुणी नसतं. कंबर लचकते, हँडल उपटून हातात येतं, तळ घासून पातळ होतो, ते सगळं या शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत. या वीस फुटांचं काम काठावर आल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो. बहुतेक काम पाण्यात उभं राहून, पाणी वजन पेलत असतानाच उरकावं लागतं.

आधी वजनाचा हिशेब मांडू. दहा फुटी साधी प्लास्टिकची मासेमारी कयाक तीस-पस्तीस किलोची असते. बारा फुटी, रुंद, पायांनी चालवायची पेडलवाली कयाक चाळीस ते साठ किलोपर्यंत जाते. त्यावर पेडलचा संच सहा-आठ किलो, फ्रेमची खुर्ची दोन-तीन किलो, नांगर दीड-दोन किलो, फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) छोटी बॅटरी दोन-अडीच किलो, गळ-रिळांचा क्रेट, पाण्याच्या बाटल्या, बर्फाचा डबा आणि मिळाली असेल तर मासळी. वीस किलो सहज वाढतात. ट्रोलिंग मोटर, म्हणजे कयाक चालवणारी विजेची मोटर, असेल तर तिची शंभर अँपिअरची जुन्या पद्धतीची बॅटरी एकटीच तीस किलोच्या घरात जाते. यात कयाकच्या पोकळ पोटात शिरलेलं पाणी अजून धरलेलं नाही. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि ते एका जागी थांबत नाही.

आता चढ. पाच फूट चालल्यावर एक फूट वर जाणारा काठ धरा, आपल्याकडे नदीला असे काठ पुष्कळ आहेत. पन्नास किलोची रिकामी कयाक गवत-मातीवरून फरफटत ओढायला साधारण तीस किलोचा जोर लागतो. तीच सामानासकट पंचाहत्तर किलोची असेल तर चव्वेचाळीस. पन्नास किलोच चाकांवर घेतले तर चौदा किलोच्या आसपास. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसासाठी मर्यादा 23 किलोची धरली आहे, आणि ओल्या काठावर वाकून, पाय घसरत असताना काहीच अनुकूल नसतं. सामान काढणं आणि चाकं लावणं या दोनच गोष्टींनी चव्वेचाळीसचे चौदा होतात, हे एकदा नीट समजलं की बाकीचे कष्ट आपोआप मार्गी लागतात.

काठ निवडायचा तो पाण्यात उतरण्याआधी. कोल्हापूरच्या आसपास काठांच्या तऱ्हा वेगळ्या आणि प्रत्येकाची खोड वेगळी. प्रयाग चिखलीच्या खाली पंचगंगेला दोन्ही बाजूंनी काळी, चिकण गाळाची माती आहे. उन्हाळ्यात वरून वाळून भेगाळते, खाली मात्र लोण्यासारखी मऊ असते. पश्चिमेला राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडं जांभा दगड सुरू होतो. त्यावर पाय घसरत नाही, पण त्याच्या खरबरीत कडा प्लास्टिक खरवडून काढतात. धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, दिसायला पायऱ्यांसारखं असलं तरी तिकडून चढायचा विचारही करू नये. दगड हलतात, फटीत पाय अडकतो, आणि भिंतीवर जायला मनाई असते ती वेगळीच.

माझी पहिली पसंती जॅकवेलच्या वाटेला. उपसा सिंचनाच्या विहिरीपर्यंत मोटर आणि पाइप नेण्यासाठी शेतकऱ्यांनी मुरूम टाकून केलेला उतार असतो, ट्रॅक्टर जाईल इतका रुंद आणि पक्का. ज्याचं शेत त्याला विचारून घ्यायचं, गाडी वाट अडवणार नाही अशी लावायची आणि पाण्यातल्या पाइपवर, फूटव्हॉल्व्हवर कयाक घासणार नाही हे बघायचं. दुसरी पसंती म्हशींच्या पाणवठ्याला. म्हशी नेहमी सौम्य उतारानंच पाण्यात जातात, त्यामुळं चढ सोपा मिळतो. पण सकाळ-संध्याकाळ म्हशी येऊन गेल्यावर तिथं शेण आणि चिखलाचा रबडा होतो. दुपारी अकरा ते तीनच्या मधे तो काठ बराच सुकलेला असतो.

बंधाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातले की वरच्या बाजूला पाणी चढतं, काठावरची झुडपं पाण्यात जातात आणि काठ जवळजवळ उभा मिळतो. बरगे काढले की तेच पाणी झटक्यात उतरतं आणि मधे दहा-पंधरा फुटांचा नागडा गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यामुळं डिसेंबरमध्ये उत्तम असलेली जागा मे महिन्यात दलदल असू शकते. शिवाय वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की काही तासांत पातळी फूटभर हलते. काठाला टेकवून ठेवलेला कयाक वाहायचा चाकांचा गाडा किंवा डबा पाण्यात गेलेला सापडतो. बाहेर पडायची जागा बंधाऱ्याच्या वर निदान दोन-तीनशे मीटर ठेवायची. थकलेल्या हातांनी कयाक हातातून सुटली आणि प्रवाहानं बरग्यांना जाऊन चिकटली, तर ती एकट्या माणसाला सोडवता येत नाही आणि सोडवायला जाणं जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पण पाणी त्याच्या कितीतरी खाली असतानाही प्रवाह आणि वाहून येणारी लाकडं कयाकला झेपत नाहीत.

परवानगीचंही इथंच सांगून टाकतो. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांचा परिसर अभयारण्यात येतो, तिथं वन विभागाला विचारल्याशिवाय उतरू नये. बऱ्याच तलावांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्यांच्या माणसांना आधी भेटलं की काठाची खरी माहितीही त्यांच्याकडूनच मिळते, कुठं गाळ आहे आणि कुठं खडक, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आता बाहेर येण्याचा क्रम. काठापासून तीस-चाळीस फुटांवर असतानाच थांबायचं. पेडल असेल तर संच याच ठिकाणी वर काढून घ्यायचा. पेडलचे पंख तळाखाली फूट-दीड फूट लोंबतात, उथळ पाण्यात दगडाला आपटले की पंखाचा दांडा वाकतो. मग तो जागेवरून निघतच नाही आणि तसाच अडकलेला संच घेऊन कयाक काठावर ओढता येत नाही. रडर (सुकाणू) वर घेऊन दोरी खुंटीला पक्की करायची. फिश फाइंडरचा सेन्सर तळाखाली असेल तर तोही वर. गळांचे हुक काढून किंवा रबरात अडकवून ठेवायचे, काठ्या आडव्या करून बांधायच्या. उभ्या काठ्या काठावरच्या बाभळीत अडकतात आणि हुक नेमका मांडीला किंवा तळहाताला लागतो.

पाय टाकायच्या आधी वल्ह्याचा दांडा तळाला टेकवून बघायचा. दांडा आपल्या वजनानं वीतभराहून जास्त आत गेला तर तिथं उतरायचं नाही. दहा-वीस फूट पुढं-मागं सरकून परत बघायचं. बऱ्याचदा एखादा ओढा नदीला मिळतो त्याच्या थोडं वर वाळू-गोट्यांचा कडक पट्टा मिळतो. तळ बरा लागला की पाणी गुडघाभर असताना, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, हात कयाकवर ठेवून उतरायचं. उतरल्यावर लगेच कयाक सोडून काठाकडं चालायला लागू नये. पुढच्या टोकाची दोरी हातात असली पाहिजे.

पायात काय घालावं यावर बरीच मतं आहेत. माझं मत स्पष्ट आहे, गमबूट नको. ते पाण्यानं भरतात, गाळात रुततात आणि पाय काढायला गेलं की बूट तिथंच राहतो. टाचेला पट्टा असलेले सँडल किंवा नाडीचे जुने कॅनव्हास बूट चांगले. अनवाणी कधीच नाही, पंचगंगेच्या तळाला काच, पूजेच्या साहित्यातल्या तारा, शिंपले सगळं आहे.

गुडघाभर पाण्यात उभं राहून सामान उतरवण्याचं काम. हा टप्पा लोक गाळतात, कारण काठ समोर दिसत असतो आणि दोन खेपा नको वाटतात. मी आधी बॅटरी, मग पेडलचा संच, मग खुर्ची, मग क्रेट असं जड ते हलकं या क्रमानं काठावर नेतो. प्रत्येक खेपेला कयाकची दोरी काठावरच्या झुडपाला किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधलेली असते. या खेपांचा आणखी एक उपयोग आहे. सामान घेऊन चढताना काठाची वाट पायाखालून जाते, कुठं घसरतं आणि कुठं पाय टिकतो हे वजन ओढायच्या आधी समजतं. मोठे दगड बाजूला करून ठेवायचे ते याच वेळी.

मग पोटातलं पाणी. मागच्या बाजूला पाणी काढायचं बूच असतं. ते अर्धवट वर काढल्यावर उघडायचं, पूर्ण पाण्यात असताना नाही. पुढचं टोक काठावर टेकवून थोडं उचललं की आतलं पाणी मागं गोळा होतं. मागचं टोक पाण्याच्या वर येईल इतकी कयाक ओढायची आणि बूच काढायचं. पोटात पाणी ठेवून चढायला लागलं तर ते सगळं मागच्या टोकाला धावतं, गाड्यावरचा तोल बिघडतो आणि पुढचं टोक हातातून उसळी मारून वर जातं. बूच दोरीनं बांधलेलं असावं. काठावर काढून ठेवलेलं बूच चिखलात हरवतं आणि पुढच्या वेळी कयाक घरीच राहते.

गाड्याचं आता सविस्तर सांगतो, कारण निम्मं यश त्यात आहे. दोन प्रकार चालतात. एकात दोन उभे दांडे असतात, ते कयाकच्या तळातल्या पाणी निथळण्याच्या भोकांत खालून बसतात. दुसऱ्यात कयाक दोन गाद्यांवर ठेवून पट्ट्यांनी बांधायची. दांड्यांचा गाडा सरकत नाही, ही त्याची मोठी सोय. पण दांडे लांब असतील आणि सगळं वजन भोकांच्या कडेवर येत असेल तर तिथं तडा जातो, आणि भोकाचा तडा हा थेट पोटात पाणी नेणारा असतो. वजन आडव्या दांडीवरच्या गादीवर यायला पाहिजे, भोकातल्या दांड्यांनी फक्त जागा धरून ठेवायची. दांडा भोकात घातल्यावर तळ आणि आडवी दांडी यात बोट शिरत असेल तर दांडा कापून लहान करायचा.

बाहेरून मागवलेला गाडा महाग पडतो आणि त्याची चाकं आपल्या काठांसाठी नेहमी योग्य नसतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं कयाक नेऊन माप दिलं तर चांगला गाडा होतो. पंचवीस मिलिमीटरचा पाइप, वीस मिलिमीटरचा आस, चाकांमधलं अंतर साठ-पासष्ट सेंटिमीटर. याहून कमी ठेवलं तर तिरक्या उतारावर गाडा कलंडतो. गाद्यांसाठी एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम घेऊन वर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळायची. एक टेकू लावून घ्यायचा, म्हणजे गाडा एकटा उभा राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. चाकाच्या बाहेरची पिन हरवते हे गृहीत धरून दोन जास्तीच्या पिना आसालाच तारेनं बांधून ठेवायच्या.

चाकं कसली घ्यायची हे काठावर ठरतं. मुरूम, गवत, खडक यासाठी हातगाडीची तेरा इंची हवेची चाकं उत्तम. वाळू आणि मऊ मातीला रुंद फुगीर चाकं बरी, त्यात हवा कमी ठेवायची, अंगठ्यानं दाबल्यावर अर्धा इंच आत गेलं पाहिजे. पण फुगीर चाकांची पाण्यात एक अडचण होते. एकेक चाक दहा-बारा लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे जोडी वीस किलोच्या जोरानं वर येऊ बघते. तरंगणाऱ्या कयाकखाली असा गाडा ढकलायला गेलं तर तो एका बाजूनं निसटून तोंडावर येतो. अरुंद हातगाडीची चाकं आणि लोखंडी चौकट असेल तर गाडा जवळजवळ बुडतो. तो गुडघाभर पाण्यात उतारावर उभा करायचा, आसावर एक पाय ठेवायचा आणि कयाक मागच्या टोकाकडून त्याच्यावर सरकवत आणायची. काठाकडं ओढू लागलं की पाणी कमी होतं आणि कयाक आपोआप गाद्यांवर बसते.

फुगीर चाकांसाठी वेगळी रीत. पाणी घोटाभर असेल तिथं रिकामी कयाक एका कुशीवर कलवायची. तळ आपल्याकडं येतो. गाडा आडवा धरून गाद्या तळाला टेकवायच्या, दोन्ही पट्टे वरून फिरवून बकलात ओवायचे आणि ओढून घट्ट करायचे. मग वरची कड धरून कयाक स्वतःकडं ओढून सरळ करायची. चाकं खाली जातात, पन्नास किलोचं वजन एकदाही पूर्ण उचलावं लागत नाही. दांड्यांच्या गाड्यालाही हीच रीत सोपी पडते.

गाडा कुठं बसवायचा? तोल साधतो त्या जागेच्या थोडा मागं. कयाकचा तोल कुठं आहे हे घरी एका गोल पाइपवर ठेवून बघता येतं, तिथं रंगाची खूण करून ठेवावी. त्या खुणेच्या एक फूट मागं आस आला, तर बारा फुटी पन्नास किलोच्या कयाकचं पुढचं टोक धरताना हातात सहा-सात किलो येतात. चढावर एवढं वजन हातात असलेलं बरं. अगदी तोलावर बसवलं तर चढ लागताच टोक वर उडतं. फार मागं बसवलं तर पंधरा-वीस किलो हातात येतात आणि मग ओढणं सोडून आपण उचलतच राहतो.

पट्टे साध्या कॅम बकलचे, म्हणजे हातानं ओढून दाबून धरणाऱ्या बकलाचे, पंचवीस मिलिमीटर रुंदीचे पुरेत. रॅचेटचे, म्हणजे दांडी हलवून दात्यांवर आवळायचे पट्टे नकोत, त्यांनी प्लास्टिक आवळलं जातं. एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाची कयाक तापून मऊ होते, तेव्हा आवळलेल्या पट्ट्याखाली तळाला कायमचा खोलगटपणा येतो. पट्ट्यांचा गाडा दगडाला अडला की कयाक पुढं येते आणि गाडा मागं राहतो. त्यासाठी आसापासून पुढच्या हँडलपर्यंत एक दोरी ताणून बांधायची. एवढ्या एका दोरीनं मधेच थांबून गाडा पुन्हा बसवण्याचा वैताग संपतो.

ओढताना तोंड चढाकडं ठेवायचं. उलटं चालत ओढलं की जोर कमरेवर येतो आणि मागचा खड्डा दिसत नाही. पुढच्या टोकाला वावभर लांबीचा रुंद पट्टा अडकवून तो कमरेच्या हाडावर घेतला तर जोर पायांतून येतो, हात फक्त दिशा देतात. हा पट्टा बांधायचा मात्र नाही, नुसता अडकवायचा. कयाक मागं घसरली तर एका झटक्यात त्यातून बाहेर पडता आलं पाहिजे. दोन-तीन फूट ओढायचं, पायानं चाकामागं दगड सरकवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा ओढायचं. दगड काठावर सापडेल या भरवशावर राहू नये, लाकडाचे दोन पाचरीसारखे तुकडे दोरीनं गाड्यालाच लटकवून ठेवावेत. चढ सरळ चढायचा. दमलं म्हणून वळणावळणानं गेलं की एक चाक वर, एक खाली होतं आणि कयाक कलंडते.

हे सगळं कडक काठाचं. गाळात यातलं निम्मं उलटं होतं. चिकण मातीत चाकं रुततात, माती चाकाला आणि आसाला चिकटत जाते आणि थोड्या वेळानं चाक फिरणंच थांबतं. वर केंदाळ (जलपर्णी) असेल तर त्याची लांब मुळं आसाला गुंडाळली जातात आणि पाणी पिऊन बसलेलं केंदाळही ओढावं लागतं. गाळात चाकं काढून टाकायची आणि रिकाम्या कयाकचा रुंद, गुळगुळीत तळ वापरायचा. ओल्या गाळावर प्लास्टिक छान सरकतं, गाळ जितका पातळ तितका जोर कमी. वर वाळलेली खपली असेल तर बादलीभर पाणी पुढं ओतावं.

गाळात कयाक सोडून चालू नये. माणसाचं सगळं वजन दोन तळव्यांवर येतं म्हणून तो रुततो, कयाकचा तळ तेच वजन कितीतरी मोठ्या जागेवर पसरतो. एक गुडघा कयाकमध्ये, दोन्ही हात कडांवर आणि दुसऱ्या पायानं मागं रेटा द्यायचा. अशी कयाक फूट-फूट पुढं जाते आणि पाय मांडीपर्यंत रुतला तरी काढायला हाताशी आधार असतो. रुतलेला पाय सरळ वर ओढला तर खाली पोकळी होऊन तो आणखी पकडला जातो. टाच आधी हलवायची, पाय पुढं-मागं करून बाजूनं हवा-पाणी शिरू द्यायचं, आणि अंग कयाकवर झोकून पाय तिरका काढायचा. गाळाचा पट्टा दहा फुटांहून रुंद असेल तर मी तिथून बाहेर पडतच नाही, अर्धा तास वल्हवून दुसरी जागा गाठतो.

गाळाचा पट्टा पार झाला आणि वर उभा काठ असेल तिथं दोर आणि कप्प्या लागतात. दहा मिलिमीटरचा पॉलिस्टरचा दोर, वीस-पंचवीस मीटर. नायलॉन ताणतो, आणि ताणलेला दोर किंवा त्याला बांधलेली कडी सुटली तर चाबकासारखी येते. सुती कासरा भिजला की गाठ सुटत नाही आणि त्यात चिखल जाऊन तो लवकर कुजतो. काठावरच्या करंजाच्या किंवा उंबराच्या बुंध्याला, जमिनीलगत, रुंद पट्टा गुंडाळायचा म्हणजे सालही सोलली जात नाही. झाड नसेल तर लोखंडी पहार ओढीच्या उलट दिशेला तिरकी, निदान दोन फूट ठोकायची, आणि तिचा माथा मागं दुसऱ्या पहारीच्या बुडाशी बांधायचा. पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत एकटी पहार टिकत नाही.

दोन कप्प्यांची तीनपट ओढ करायची: एक कप्पी झाडाला, एक कयाककडून येणाऱ्या दोरावर गाठीनं बसवलेली. हिशेबानं तिप्पट जोर मिळायला पाहिजे, पण घर्षण जाऊन सव्वादोन-अडीचपट हाती लागतो. तीस किलोची फरफट बारा-तेरा किलोवर येते. त्याच्या बदल्यात कयाक एक फूट वर यायला तीन फूट दोर ओढावा लागतो, म्हणून मधे मधे गाठ पुढं सरकवायची. ओढताना दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि कयाकच्या खालच्या बाजूला तर कधीच नाही. साखळीची किंवा तारेची छोटी हातविंच असेल तर काम आणखी सोपं, पण तिचं वजन तीन-चार किलो आणि ती कयाकवर सतत वागवावी लागते. गाडीत ठेवली असेल आणि गाडी काठावर येत असेल तरच तिचा फायदा.

दोर कशाला बांधायचा यात चूक होते. पुढचं हँडल बहुतेक कयाकवर दोन स्क्रूंनी प्लास्टिकमध्ये धरलेलं असतं, ते हातानं उचलण्यासाठी आहे. कप्पीची ओढ त्यावर दिली की स्क्रू प्लास्टिकसकट उपटतात. पाणी निथळण्याच्या दोन भोकांतून पट्टा ओवून त्याचा फास करायचा, किंवा पुढच्या भागाला पूर्ण वेढा घालून तो पुढं निसटू नये म्हणून हँडलखालून न्यायचा.

उभ्या काठाच्या ओठावर तळ घासतो. तिथं तीन फूट लांबीचे चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आडवे टाकले की त्यावरून कयाक लोळत जाते. शेताच्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे कुणाही शेतकऱ्याकडं पडलेले असतात. मऊ मातीत पाइप रुततात, तिथं खाली फळी टाकावी.

घाटाच्या पायऱ्यांबद्दल लोक नेहमी विचारतात. चाक स्वतःच्या त्रिज्येपेक्षा उंच पायरी ओढून चढत नाही. दहा इंची चाकाची त्रिज्या पाच इंच, आणि दगडी पायरी सहा-सात इंच असेल तर कितीही जोर लावा, गाडा पायरीला टेकून उभा राहतो. तेरा इंची चाकही सहा इंचांच्या पायरीला जेमतेम. दोन लांब फळ्या टाकून उतार करता येतो, पण शेवाळलेल्या दगडावर फळी सरकते. शिवाय घाट लोकांच्या अंघोळीचा, पूजेचा. शेजारी मातीचा उतार असेल तर तोच बरा.

शिरोळकडं, कृष्णेच्या आणि वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि तिथं या रीतीत थोडा बदल करावा लागतो. गुडघाभर पाण्यात पाच-दहा मिनिटं उभं राहून सामान उतरवणं तिथं टाळायचं. थेट काठाला टोक लावायचं, पाणी घोटाभर असताना उतरायचं आणि सामान कोरड्या जमिनीवरून काढायचं. थंडीत सकाळी मगरी उन्हाला काठावर येतात, आणि फेब्रुवारीपासून मादी काठाच्या मातीत घरटं करते, त्यामुळं घसरणीची वाट, पोटाच्या फरफटीची खूण किंवा उकरलेली माती दिसली तर तिथं उतरू नये. अंधार पडायच्या तासभर आधी बाहेर असावं. मासे साफ करणं, आतडी पाण्यात टाकणं हे बाहेर पडायच्या जागेजवळ कधीच करू नये.

गाडीवर चढवताना एकच धोरण, एका वेळी निम्मंच वजन उचलायचं. टपाच्या मागच्या कडेला जुनी चटई टाकून पुढचं टोक त्यावर टेकवायचं, मग मागं येऊन मागचं टोक गुडघ्यांतून उचलून पुढं ढकलायचं. पन्नासपैकी पंचवीस किलोच हातात येतात, तेही एकदाच. टपाची क्षमता गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. पुष्कळ छोट्या गाड्यांत ती कॅरिअर धरून पन्नास ते पंचाहत्तर किलो आहे, म्हणजे मोठी पेडलवाली कयाक तिथं बसतच नाही. तिला छोटा हत्ती किंवा पिकअप बरा. मागच्या फाळक्यावर टोक टेकवून गाड्यासकट आत ढकलता येते आणि घरी उतरवायला गाडा लावलेलाच असतो. मागं बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधायचं.

घरी गेल्यावर चाकं काढून आसावरची माती धुवायची, कारण वाळलेला गाळ बुशात शिरून चाक पुढच्या वेळी करकरतं आणि जड फिरतं. भोकांच्या कडेवर आणि मागच्या टोकाच्या तळावर बोट फिरवून बघायचं. टोकाचा तळ सारखा घासून पांढरट, पातळ झाला असेल तर त्यावर प्लास्टिकचीच जाड पट्टी तापवून जोडून घ्यायची. साधा डिंक किंवा एम-सील या प्लास्टिकला धरत नाही. बूच उघडं ठेवून कयाक सावलीत, उपडी किंवा कुशीवर ठेवायची आणि पट्टे सैल करायचे.